वाचकांचे प्रश्न : क्लुजमधले जेवण, घड्याळ आणि पंचांग

गेल्या अंकातील रोमानियावरच्या टिपणात ट्रान्सिल्व्हानियातील क्लुज-नापोका या शहराचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक पत्रे किल्ले आणि चर्च सोडून सरळ पोटाकडे वळली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी क्लुजमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही दोघे मार्चमध्ये तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. ती दिवसभर कामावर असणार, त्यामुळे दुपारचे जेवण आम्हांला बाहेरच घ्यावे लागेल. आम्ही अंडेही खात नाही. शहर महाग आहे असे मुलगी सांगते. तेथील साधी माणसे दुपारी कुठे आणि काय जेवतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलगी सांगते ते खरे आहे. विद्यापीठे आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांमुळे रोमानियातील महागड्या शहरांत क्लुजची गणना होते. संध्याकाळी पियात्सा उनिरी या मुख्य चौकात, संत मायकेलचे गॉथिक चर्च आणि मात्याश राजाचा घोडेस्वार पुतळा समोर ठेवून जेवायला बसलात, तर दोघांचे बिल सहज दीडदोनशे लेईंच्या घरात जाईल. (तेथील चलन लेउ, अनेकवचन लेई. एक लेउ म्हणजे ढोबळमानाने वीस रुपये.) मात्र त्याच चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, त्याच दिवशी दुपारी साडेबारा वाजता, तितकेच पोटभर जेवण निम्म्याहून कमी पैशांत मिळते. या शहरात कुठे जेवता यापेक्षा किती वाजता जेवता यावर खर्च अधिक ठरतो, आणि शाकाहारी माणसाला घड्याळाच्या जोडीला पंचांगही पाहावे लागते. दोन्ही गोष्टी सविस्तर सांगतो.

प्रथम घड्याळ. रोमानियन माणसाचे मुख्य जेवण दुपारचे असते. सोमवार ते शुक्रवार, साधारण बारा ते तीन-चार या वेळेत असंख्य लहान खाणावळी आणि चांगली रेस्टॉरंटेही ‘मेन्यूल झिलेई’, म्हणजे ‘आजचे जेवण’, देतात. त्यात एक सूप, एक मुख्य पदार्थ आणि काही ठिकाणी सॅलड किंवा गोड असते. माझ्या गेल्या मुक्कामात त्याला तीस ते पंचेचाळीस लेई पडत होते. दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात आणि ते रोज बदलतात. स्वस्ताईचे कारण साधे आहे : स्वयंपाकी सकाळी दोन-तीनच पदार्थ मोठ्या पातेल्यांत करतो, कचेरीतली माणसे अर्ध्या तासात जेवून उठतात, टेबल दोन-तीनदा भरते आणि मागे काही उरत नाही. म्हणून अडीचला पोहोचलात तर फळ्यावरचा चांगला पदार्थ पुसलेला दिसण्याची शक्यता फार. शनिवार-रविवारी ही सोय बहुतेक ठिकाणी बंद असते. तेव्हा ते दोन दिवस मुलीच्या स्वयंपाकघराला द्यावेत.

याहूनही साधी जागा म्हणजे स्वतः वाढून घेण्याची खाणावळ. फलकावर ‘आउतोसेर्वीरे’ असे लिहिलेले असते, पण बोलताना लोक तिला गमतीने ‘उंपिंजे तावा’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘ट्रे ढकला’. (‘तावा’ म्हणजे ट्रे, त्यावर पोळी भाजता येणार नाही.) आत शिरताच ट्रेंची चळत असते. ट्रे उचलून लोखंडी रुळांवरून पुढे ढकलत जायचे : आधी सॅलडच्या आणि लोणच्यांच्या वाट्या, मग सुपाची पातेली, मग भाज्या, बटाटे, भात आणि मांसाचे पदार्थ, आणि शेवटी गल्ला. पांढरी टोपी घातलेली बाई डाव हातात धरून एकच शब्द विचारते, ‘स्मुंताना?’, म्हणजे वरून आंबट साय घालू का. आपल्यामागे रांग असते आणि बाईंना वेळ नसतो, म्हणून हो-नाही मनात ठरवूनच पुढे सरकावे. पाहुण्यांच्या दृष्टीने या जागेचा सर्वांत मोठा फायदा असा की नावे वाचावी लागत नाहीत. बोट दाखवून जेवता येते आणि ताटात काय पडते आहे ते दिसते.

आता पंचांग. आपण मार्चमध्ये जात आहात हा मोठाच योग आहे. रोमानियातील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, आणि ईस्टरच्या आधीचे जवळजवळ सात आठवडे त्यांचा मोठा उपवास असतो. या उपवासात मांस, अंडी आणि दूधदुभते वर्ज्य असते. धान्य, कडधान्य, भाजी आणि मीठ मात्र सगळे चालते. त्यामुळे साबुदाण्याची आठवण कोणालाही होत नाही, आणि ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण तेथेही खपून जाईल असे भरगच्च जेवण उपवासाच्या नावाखाली मिळते. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख दर वर्षी सरकते : २०२५ साली ती २० एप्रिलला होती, २०२६ साली १२ एप्रिलला. त्या हिशेबाने मार्चचा बराचसा भाग उपवासातच जातो. या काळात खाणावळींच्या फळ्यांवर, बेकऱ्यांत आणि दुकानांतील डब्यांवर ‘दे पोस्त’, म्हणजे ‘उपवासाचे’, हे दोन शब्द जागोजागी दिसतात. हेच दोन शब्द आपण पाठ करावेत. ‘शाकाहारी’ हा शब्द तेथे कळतो, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याचा असतो. ‘दे पोस्त’ म्हटल्यावर मात्र वाढणाऱ्या आजीबाईंच्या मनात कसलीही शंका राहत नाही, कारण तो नियम त्यांनी स्वतः पाळलेला असतो. वर्षभर बुधवार आणि शुक्रवार हेही उपवासाचे वार आहेत, नाताळाआधी १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर हा आणखी एक मोठा उपवास असतो आणि ऑगस्टचे पहिले दोन आठवडे तिसरा. एकच सावधगिरी : उपवासातील काही ठरावीक दिवशी मासे चालतात, म्हणून त्या दिवसांत ‘दे पोस्त’ असूनही ताटात मासा असू शकतो.

काय मागावे? ‘फासोले बातुता’ म्हणजे शिजवून घोटलेला पांढरा घेवडा. वर लालसर परतलेला कांदा असतो, आणि पावासोबत तो पोटाला फार आधार देतो. ‘सालाता दे विनेते’ हे वांग्याचे भरीतच. फोडणी आणि मिरची नसते, तेल आणि कच्चा कांदा असतो. पण एरवी काही जण त्यात मेयोनेझ घालतात, म्हणजे अंडे आले. उपवासाच्या दिवसांत ही भीती उरत नाही. ‘झाकुस्का’ ही भाजलेली वांगी, लाल ढोबळी मिरची, कांदा आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून बरण्यांत भरलेली चटणी. प्रत्येक घरात शरद ऋतूत ती केली जाते. ‘मामालीगा’ म्हणजे मक्याच्या पिठाची, ताक न घातलेली घट्ट उकड. मशरूमचा रस्सा, परतलेला आंबट कोबी, आणि उपवासात भात व मशरूम भरून केलेले कोबीच्या पानांचे ‘सार्माले’ हेही मिळतात. सुपांमध्ये ‘च्योर्बा’ हा शब्द दिसला की ते आंबट समजावे. हा शब्द तुर्कीतून गेला आहे आणि आपल्या शोरब्याचा नातेवाईक आहे.

फसगत होते ती बहुधा सुपातच. ‘फारा कार्ने’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ असे सांगितले, तरी घेवड्याच्या च्योर्बात चवीसाठी धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा शिजवून काढून घेतलेला असू शकतो, आणि वाढणाऱ्याच्या मते तो पदार्थ मग ‘मांसाशिवाय’च असतो. त्या धुरावलेल्या मांसाला ‘आफुमातूरा’ म्हणतात आणि डुकराच्या चरबीला ‘उंतूरा’; हे दोन शब्द कानांनी ओळखता आले की काम झाले. मुलीकडून एक वाक्य रोमानियनमध्ये कागदावर लिहून घ्यावे : आम्ही मांस, मासे आणि अंडी खात नाही. अंड्यांना तेथे ‘ओवा’ म्हणतात. तेव्हा पोट बिघडले म्हणून दुकानात ओवा मागू नये.

प्रश्न : माझा मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी क्लुजला जात आहे. वसतिगृहातील मुले रोज काय खातात? घरून किती सामान पाठवावे?
– एक पालक, सांगली

उत्तर : क्लुजमध्ये विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी आणि गजबजलेली वस्ती हाश्देउ ही आहे, आणि तिच्या आसपास स्वस्त खाण्याची दाटी आहे. विद्यापीठाच्या खाणावळी शहरातील सर्वांत स्वस्त जेवण देतात, पण त्या सत्राच्या दिवसांपुरत्याच धरून चालाव्यात. उन्हाळ्याच्या सुटीत वस्ती रिकामी होते आणि खाणावळीही थंडावतात. रात्री उशिरा मुले ‘शाओर्मा’ खातात. मोठ्या पातळ पोळीत मांस, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, कोबी आणि लोणचे एकत्र गुंडाळलेले असते, आणि एकात दोन मुलांचे पोट भरते.

सकाळचा आधार ‘कोव्रिग’चा. कडबोळ्यासारखा वळलेला, वर तीळ, खसखस किंवा मीठ लावलेला हा पाव रस्त्यावरच्या खिडकीतून गरमागरम कागदात मिळतो. साध्या कोव्रिगला माझ्या वेळी तीन ते पाच लेई पडत. आठच्या सुमारास बसथांब्याजवळच्या खिडकीपुढे कामगार, वकील आणि शाळकरी मुले एकाच रांगेत उभी असतात, आणि बस आली की अर्धा कोव्रिग खिशात जातो. भाजलेली ‘प्लाचिंता’ थोडी महाग असते. तिच्या आत कोबी, बटाटा किंवा चीज असते, आणि कोबीची प्लाचिंता मला त्यांत सर्वांत सरस वाटते. वसतिगृहाच्या खोलीत मात्र मुलांचे खरे अन्न म्हणजे पाव, कापलेला कांदा आणि डब्यातील ‘पाते वेजेताल’. हे सोया आणि भाजीचे पावावर फासायचे वाटण मूळ उपवासासाठी रुळले, पण गरीब विद्यार्थी ते बारा महिने खातो. पावाला रोमानियनमध्ये ‘पुइने’ म्हणतात. क्लुजची माणसे मात्र ‘पिता’ म्हणतात. मुलाने फोनवर ‘आज पिता आणले’ असे सांगितले तर गोंधळून जाऊ नये.

सामानाबद्दल : तांदूळ, मसूर, हरभरे आणि राजम्यासारखा घेवडा तेथे सहज मिळतो, त्यामुळे डाळींच्या पिशव्यांनी बॅगेचे वजन वाढवू नका. गोडा मसाला, हिंग आणि मेतकूट द्या. ते कोव्रिगच्या खिडकीत मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली आहे. भाजी-फळे सुपरमार्केटातून घ्यावीत की बाजारातून?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : भाजी बाजारातून, बाकीचे सुपरमार्केटातून. मुख्य चौकाजवळच मिहाय विटेआझुल चौकात मंडई आहे. मनाश्तुर या इमारतींच्या मोठ्या वस्तीत फ्लोरा मंडई आहे आणि मराश्तीमध्येही एक आहे. मध्यवर्ती मंडईपेक्षा वस्तीतल्या मंडईत भाव थोडे उतरतात. तेथे दोन प्रकारचे विक्रेते असतात. एकाच्या गाळ्यावर बाराही महिने केळी, संत्री आणि एकसारख्या आकाराचे टोमॅटो असतात; तो घाऊक बाजारातून माल आणतो. दुसरी डोक्याला रुमाल बांधलेली गावची बाई असते आणि तिच्यापुढे फक्त कांद्याची पात, दोन जुड्या शेपू, अक्रोड आणि बरणीभर मध एवढेच असते. तिच्याकडे घ्यावे, आणि सकाळी घ्यावे.

चीजच्या दालनात सुरीच्या टोकावर तुकडा चाखायला देतात. चाखून न घेतल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. ‘तेलेमेआ’ खारट पाण्यात मुरवलेले असते, ‘काश’ ताजे आणि फिके, आणि ‘उर्दा’ चीज करून उरलेल्या निवळीतून निघते. उर्दा सर्वांत स्वस्त, मऊ, किंचित गोडसर आणि आपल्या जिभेला पटकन रुचणारी आहे. चीज विरजताना प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण, वापरलेले असू शकते, हे कडक शाकाहारी वाचकांनी ध्यानात ठेवावे. मंडईत सुटे पैसे जवळ असावेत. कार्ड सगळीकडे चालत नाही.

नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. ते सोमेश नदीच्या डोंगराकडील धरणांतून येते, आणि बाटलीवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

प्रश्न : ट्रान्सिल्व्हानियात एका रेस्टॉरंटमध्ये यादीवरच्या किमतींची मनात केलेली बेरीज आणि हातात आलेले बिल यांत चाळीस टक्क्यांचा फरक निघाला. आम्हांला फसवले गेले का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण बिलाची प्रत पाठवली आहे, तीवरून तरी फसवणूक दिसत नाही. त्यात माशाची किंमत शंभर ग्रॅमला लावलेली आहे आणि आपल्या ताटातील मासा साडेतीनशे ग्रॅमचा होता. रोमानियातील यादीत प्रत्येक पदार्थापुढे वजन छापलेले असते, उदाहरणार्थ सूप चारशे मिलिलिटर किंवा बटाटे दोनशे ग्रॅम. आपण ते आकडे किमतीइतकेच काळजीपूर्वक वाचत नाही, तिथे चूक होते. दुसरे असे की मुख्य पदार्थ बहुधा एकटा येतो. सोबतचे बटाटे किंवा भात, म्हणजे ‘गार्नितूरा’, वेगळा मागवायचा आणि त्याचे वेगळे पैसे. पाव, आंबट साय आणि मिरची यांचेही काही ठिकाणी वेगळे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. पहिल्या खेपेला एका रेस्टॉरंटमध्ये मी तळलेले चीज मागवले. पांढऱ्याशुभ्र बशीत मध्यभागी चीजचे दोन चौकोन आले, बाजूला काहीही नाही. उरलेले मागाहून येईल म्हणून मी काटा हातात धरून दहा मिनिटे वाट पाहिली. चीज थंड होऊन रबर झाले, शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना दया आली आणि त्यांनी आपला पाव माझ्याकडे सरकवत ‘पोफ्ता बुना’ म्हटले. जेवणाऱ्या माणसाला, मग तो अनोळखी का असेना, तेथे हे म्हटले जाते; आपल्याकडे यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात, जवळजवळ तेच. वाढप्याने मला खोटे काही सांगितले नव्हते, मीच विचारले नव्हते. ‘मेन्यूल झिलेई’मध्ये ही भानगड नसते, कारण त्यात सोबतचे धरूनच किंमत असते.

बिलावरची आणखी एक ओळ पाहुण्यांना गोंधळात टाकते. ती ‘बाक्शीश’ची. शब्द आपल्याच बक्षिसाचा भाऊ आहे. जानेवारी २०२३ पासून तेथील कायद्यानुसार रेस्टॉरंटच्या बिलाबरोबर बक्षिसाचे शून्य ते पंधरा टक्क्यांपर्यंतचे पर्याय छापून येतात आणि गिऱ्हाइकाने त्यांतला निवडायचा असतो. शून्य हाही पर्याय आहे. मात्र टेबलावर येऊन वाढणाऱ्याला दहा टक्के देण्याची रीत आहे. ट्रे ढकलण्याच्या खाणावळीत ही अपेक्षा नसते. दुकानातून घेतलेल्या पेयाच्या बाटलीवर किंवा डब्यावर जादा पन्नास बानी, म्हणजे अर्धा लेउ, लागलेले दिसतील. तेही कोणी लाटत नाही. नोव्हेंबर २०२३ अखेरीस सुरू झालेल्या योजनेनुसार रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत टाकली की ते परत मिळतात, फक्त बाटली चेपू नये.

प्रश्न : आम्ही मित्र ऑगस्टमध्ये जाणार आहोत, सगळे मांसाहारी. तिखट काही मिळते का? आणि शहराची म्हणून काही खासियत आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी तारखा तपासा. ऑगस्टमध्ये क्लुजच्या स्टेडियमवर ‘अनटोल्ड’ हा मोठा संगीत महोत्सव भरतो आणि त्या दिवसांत खोल्यांचे भाव आणि खाण्याच्या रांगा दोन्ही वाढतात. ते चार दिवस टाळता आले तर टाळा.

शहराची खासियत ‘वार्झा आ ला क्लुज’. बारीक चिरलेला कोबी, भात आणि खिमा यांचे एकावर एक थर लावून, वर आंबट साय ओतून ते भट्टीत भाजतात. पानात पडते ती जाड, ओलसर वडीसारखी चौकोनी चकती. हंगेरियन लोकही हा पदार्थ आपला मानतात, आणि या शहरात दोन्ही भाषांचे स्वयंपाक इतके शेजारी राहिले आहेत की वाद घालण्यात अर्थ नाही. दुपारच्या फळ्यावर हा पदार्थ दिसला तर दुसरे काही मागवू नका. ‘मीच’ म्हणजे कोळशावर भाजलेले, लसूण घातलेले खिम्याचे जाड बोट. मोहरीचे वाटण आणि पाव यांच्यासोबत ते नगावर मिळते, आणि मोठ्या सुपरमार्केटांच्या दाराबाहेरच्या शेगड्यांवर स्वस्त पडते.

तिखटाबद्दल स्वच्छ सांगतो : तांबडा रस्सा विसरा. ट्रान्सिल्व्हानियाच्या स्वयंपाकात लाल पापरिका (सौम्य मिरचीची पूड) भरपूर, पण तो रंगाला आणि वासाला. सुपात तार्होन नावाचा बडीशेपेच्या वासाचा पाला पडतो, तो आधी ओळखीचा वाटतो आणि मग अजिबात वाटत नाही. तरीही निराश होऊ नका. च्योर्बा मागवताना ‘आर्देइ युते’ एवढे दोन शब्द बोला, म्हणजे वाटीशेजारी एक अख्खी लांब हिरवी मिरची येईल, कधी ताजी तर कधी व्हिनेगरात मुरलेली. ती कोणी सुपात चुरडत नाही. शेजारचा म्हातारा देठाशी धरून टोक दाताने तोडतो, मग चमचाभर गरम च्योर्बा, मग पुन्हा मिरची, आणि मिरची संपली की वाढप्याकडे न पाहता रिकामे देठ वर धरतो. दुसरी मिरची येते.